रात्री भांडं पडतं

३ नोव्हेंबर, सोमवार

सौ. उभ्याउभ्या झोपली. तव्यावर भाकरी, मनगट तव्याच्या कडेला टेकलेलं आणि डोळे मिटलेले. मी तिथंच खुर्चीत पेपर वाचत होतो. भाकरी करपल्याचा वास मला आला नाही. गेली कित्येक वर्षं मला कसलाच वास येत नाही, बिडीची कृपा. हात पोळला तेव्हा ती जागी झाली. मनगटावर बांगडीएवढा चट्टा. थंड पाण्याखाली धरला. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणाली, "मेलो न्हाय अजून."

संध्याकाळी नेहमीचं. जेवण. बिडी तीन. पडल्या पडल्या झोप.

५ नोव्हेंबर, बुधवार

लेकीनं, रेखानं, इचलकरंजीहून फोनवर दम दिला म्हणून गेलो शेवटी. डॉक्टरीणबाई तरुण, कमी बोलणारी. सौ.ला विचारलं, "आजी, रात्री झोप होते?" "व्हती की." मग बाई माझ्याकडं वळल्या. "आजोबा, तुम्ही घोरता?" मी म्हटलं, भाजलंय तिला. "तरीही सांगा. दारू?" औषधापुरती, म्हटलं. "कसल्या आजारावर?" झोप येत नाही त्यावर. बाई हसल्या नाहीत.

दोघांना एकेक तक्ता दिलाय. दोन आठवडे भरायचा. किती वाजता झोपलो, कितीदा उठलो, दारू किती, बिडी किती.

माझ्याकडं कारखान्याची एक कोरी डायरी पडून होती, तीत हे वेगळं लिहितोय, परवाचंही लिहून काढलं. दारू हा शब्द लिहायला हात धजत नाही. या घरात चाळीस वर्षं तिला औषधच म्हणतात. औ. लिहीन, बिडीला बि.

सुरुवात कशी झाली तेही लिहून ठेवतो. साखर कारखान्यात मी पॅनमन, उसाचा रस आटवायच्या मोठ्या भांड्यावरचा माणूस. हंगामात तिसरी पाळी म्हणजे रात्री बारा ते सकाळी आठ. रात्रभर बिडीवर जागायचं, सकाळी घरी यायचं तर डोळ्यात ऊन आणि झोप पळालेली. मग जुन्या पॅनमननं शिकवलं, एक ग्लास मार आणि पड. पाळी सुटून नऊ वर्षं झाली. ग्लास सुटला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तक्ता भरून टाकला. साडेदहाला झोप, साडेपाचला जाग, औ. अर्धा ग्लास, बि. एक. रोज तेच. कारखान्यात लॉगशीट आम्ही अशीच भरायचो, पाळीच्या सुरुवातीलाच आठ तासांचे आकडे, म्हणजे मग निवांत. साहेबाला कागद नीट दिसला की झालं.

खरं ते इथं. औ. दोन ग्लास भरून. बि. नऊ. झोप लगेच, पण दीडला जाग, लघवी. तीनला परत. त्यानंतर टक्क. चारला बाहेर ओट्यावर बि. मध्येच कधीतरी स्वयंपाकघरात भांडं पडलं, टण्. मांजर.

सौ.चा तक्ता कोरा.

९ नोव्हेंबर, रविवार

काल मांजराचा बंदोबस्त केला. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी मारली, चारी बाजूंनी खिळे. सौ. कमरेवर हात ठेवून बघत होती. "मारा, मारा. झ्याक बसली," म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

रात्री परत टण्.

सकाळी आमटीची पळी तिच्या अंथरुणाजवळ, खाली स्टीलची ताटली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी झोपते. माझ्या घोरण्याला आणि धुराला कंटाळून गेली तिकडं. म्हटलं, हल्ली कुठली वस्तू कुठं ठेवतेस काय कळत नाही. "व्हय, वय झालं माझं," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रंकाळ्यावर फेरी. दिनकरतात्या भेटला, कारखान्यातला सोबती, बॉयलरवर होता. बाकावर बसून दोघांनी दोन दोन ओढल्या. तक्त्याचं सांगितलं. म्हणाला, "झोप म्हाताऱ्या माणसाला असतीया कुठं, लेका. आपली झोप कारखान्यानं खाल्ली. आता औषध हाय म्हणून डोळा तरी लागतोय, तेबी बाई काढून घेणार." पटलं मला.

परत येताना मंडईतून सौ.ला घेतलं, ती रिक्षात बसल्या बसल्या झोपली. पिशवी हातातून सुटली, कांदे रिक्षाभर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लाज गेली. डॉक्टरीणबाईंनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "येत्या शनिवारी तुम्ही साडेपाचला उठणार आहात, असं लिहिलंय." भरायच्या नादात मी चार ओळी पुढच्याही भरून टाकल्या होत्या. सौ.नं पदर तोंडाला लावला.

मग बाईंनी सांगितलं ते जमेल तसं लिहितो. दारूनं डोळा लवकर मिटतो, पण पहाटेची झोप ती खाऊन टाकते. गळ्याचे स्नायू सैल पडतात, घोरणं वाढतं. बिडी जागं ठेवणारी, आणि रात्री तिची तलफच माणसाला उठवते. वय झालं की झोप मुळातच पातळ होते, त्यात मी दोन्हीकडून भोकं पाडतोय. दारू एकदम तोडायची नाही, त्यातही धोका असतो. त्यांनी लिहून दिलंय तसं उतरवत आणायची. घरी एका रात्रीची तपासणी करायची.

 उठताना सौ.नं एकच विचारलं, "ही सोडली तर श्वास थांबायचा बंद हुईल?"

बाईंनी विचारलं, "आजी, थांबतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"असंच," म्हणाली आणि चपला घालायला लागली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

औ. दीड. बि. सात. झोप बाराला. अंग नुसतं तडफडतंय. तात्याचंच खरं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

 

काल औ. एक. तीनच्या सुमारास मी जागा होतो, पूर्ण शुद्धीत, हलायचाही कंटाळा म्हणून नुसता पडून. टण् झालं. इतकी वर्षं झोपेत ऐकलेलं, काल पहिल्यांदा कानानं ऐकलं. काठी घेतली, म्हटलं आज मांजराला सोडत नाही. उंबऱ्यापर्यंत गेलो.

सौ. भिंतीला टेकून बसलेली. उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडलेला. हाताखाली ताटली, ताटलीत पळी. माझ्यादेखत तिनं अंधारात, न चाचपडता, पळी उचलली, मुठीत धरली आणि परत तशीच बसली.

"काय करतीस?"

"तुमी जागं हाय व्हय?" म्हणाली. "तरीच श्वास सरळ ऐकू येतोय म्हणून माझा डोळा लागला. मलगरी जावा." झोपा, म्हणाली. गडहिंग्लजकडची ती, दमली की माहेरचं कन्नड येतं तोंडात.

दिवा लावला, समोर बसलो. सांगेना. मग सांगितलं.

माझीच युक्ती. लग्न झालं त्या वर्षी मीच तिला फुशारकीनं सांगितलेली. तिसऱ्या पाळीला झोप अनावर झाली की आम्ही लोखंडी पाना हातात धरून स्टुलावर बसायचो, खाली पत्रा. डुलकी लागली की मूठ सुटते, पाना पत्र्यावर पडतो, माणूस ताडकन जागा. मी विसरूनही गेलो होतो. ती विसरली नाही.

"तुमी झोपेत श्वास घ्यायचं इसरता. घरघर घरघर, आणि एकदम न्हाय. मी नमः शिवाय म्हणतो अकरा वेळा. तवर आला तर ठीक. न्हाय आला तर उठून कुशीवर करतो तुमाला. मग येतो."

"कधीपासनं?"

"रिटायर झालासा तवापासनं. आधी कवा दिवसा झोपायचा, कवा रात्री. ते मला कळायचं न्हाय."

नऊ वर्षं. गाळपाचा हंगामसुद्धा पाच महिन्यांत संपतो.

बोलली का नाहीस, विचारलं. "सांगितलं असतं तर रागानं आणि दोन घेतल्या असत्या तुमी." खरं आहे. घेतल्या असत्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर तिच्याकडं सरळ बघवलं नाही. मी रोज रात्री थोडा थोडा जात होतो आणि ही बाई मला परत आणत होती, आणि सकाळी मी हिला विचारायचो, चहात साखर का कमी.

जाळीचे खिळे काढले. ती म्हणाली, ऱ्हावू द्या, डास येत न्हाईत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्री तपासणी. छातीला डबी बांधलेली, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. औ. अर्धा. सौ.ला म्हटलं, आज यंत्र आहे, तू झोप. "यंत्र नुसतं बघतंय. कुशीवर कोण करणार?" पळी घेऊन बसलीच.

२ डिसेंबर, मंगळवार

आज जे पाहिलं ते मला शब्दांत मांडता येईल असं वाटत नाही, तरी लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी त्या रात्रीचा आलेख कागदावर काढून समोर ठेवला. मी आयुष्यभर असे कागद बघितलेत, पॅनची वाफ, पॅनचं तापमान. हा माझा होता. श्वासाची रेघ वरखाली, वरखाली, मग सपाट. सपाट. मग एकदम उसळी. असं पानभर. माझं नसणं मला असं कागदावर दिसलं.

सौ.नं चष्मा लावला. बाईंनी तिला काही विचारलंही नव्हतं. रेघ समजून घेतली आणि उसळीवर बोट ठेवत गेली. "हितं मी उठलो. हितंबी. हितं त्यांचं त्यांनी घेतला, मी नऊवर हुतो." बाईंनी दुसरा कागद शेजारी धरला, त्यात मी कूस कधी बदलली ते होतं. तिचं बोट जिथं जिथं पडलं तिथं तिथं कूस बदललेली. 

मग एका लांबलचक सपाट रेघेवर तिचं बोट थांबलं. तिच्या अलीकडंपलीकडं कुशीची खूण नाही, माझा मीच कसाबसा वर आलोय. 

"हे सुटलं माझ्याकडनं," म्हणाली आणि रडायला लागली.

नऊ वर्षांत जे निसटलं त्यासाठी रडली, जे धरून ठेवलं त्याचं काही नाही. बाईंनी स्वतः उठून पाणी आणलं. मी कशासाठी जिवंत आहे हे मला माहीत नाही, पण कुणामुळं आहे ते आज कागदावर बघितलं.

रात्री लावायचं यंत्र मिळालं. नाकावर मुखवटा, त्याला लांब नळी. नळीतून हवा येत राहते, गळा मिटत नाही. यानं सवय होईपर्यंत त्रास होतो म्हणाल्या. निघताना सौ.चा रक्तदाब बघितला. चांगलाच वाढलेला. म्हणाल्या, "आजोबांचं होईल. मला काळजी आजींची आहे. यांना झोप परत यायला हवी, नाहीतर अवघड आहे."

६ डिसेंबर, शनिवार

औ. शून्य. बाईंच्या हिशेबाप्रमाणं आजपासून बंद. बि. तीन.

मुखवटा लावून आरशात बघितलं. सौ. म्हणाली, "गणपती दिसतोय."

११ डिसेंबर, गुरुवार

स्वप्न पडलं. मला स्वप्नं पडत नाहीत असं मी सगळ्यांना सांगत आलोय, अभिमानानं. काल पॅनसमोर उभा होतो. काचेच्या तुकड्यावर नमुना घेतलेला, उजेडाकडं धरलेला, आणि काचेवर दाणा धरत होता. शेजारी माझी अव्वा, माझी आई. तिला जाऊन तीस वर्षं झाली, कारखाना तिनं कधी बघितला नाही. तिनं काच माझ्या हातातून घेतली, बघितली आणि म्हणाली, चांगला हाय. एवढंच.

उठून बसलो तर गाल ओले. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "झोपेत बोललासा. 'घाई करू नका' म्हणालासा."

बाई म्हणतात दारू स्वप्नं दाबून ठेवते, सोडली की ती गर्दीनं येतात. म्हणजे चाळीस वर्षं ही सगळी आत रांगेत उभी होती. किती आणि कोण कोण असतील.

पॅनमनचं काम लोकांना वाटतं साखर करायचं. साखर करता येत नाही. रस आटवत आणायचा, बरोबर वेळेला थांबायचं. दाणा आपला आपण धरतो. त्याची घाई केली की सगळा खडा. एवढं माहीत असणारा माणूस मी, आणि झोप मात्र रोज ग्लासनं खेचून आणत होतो.

१३ डिसेंबर, शनिवार

वास आला. पन्हाळ्याच्या रस्त्यावर गुऱ्हाळाजवळून जाताना, काकवीचा. गाडी थांबवली. दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. गुऱ्हाळवाला म्हणाला, "काय पावणं, काय हवंय?" काही नको म्हटलं. त्याला वेडा वाटलो असेन.

घरी येऊन सौ.चं मनगट हातात घेतलं. चट्टा वाळलाय. हाताला मेथीचा वास. "काय आणि," म्हणाली, पण हात काढून घेतला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

तात्याच्या घरी जेवण. एकच, म्हणाला.

१५ डिसेंबर, सोमवार

तीन ग्लास. तक्त्यात लिहिलं, दारू, तीन ग्लास. इथंही तेच लिहितो. औषध नव्हतं ते. मुखवटा लावायचा राहिला. सकाळी उठलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, पळी हातात, डोळे लाल. बोलली असती तर बरं झालं असतं. उठून चहा ठेवला तिनं. चहात साखर बरोबर होती.

मला माझी शिसारी आली.

२० डिसेंबर, शनिवार

पाच रात्री नीट. दारू नाही. बि. एक, सकाळची. तीही जाईल. यंत्र रोज. मी सलग साडेपाच तास झोपतो, या वयाला ते पुष्कळ. उठतो तेव्हा डोकं धुतलेल्या काचेसारखं.

पण ती झोपत नाही. आवाज नसतो म्हणून झोपत नाही. घरघर ऐकत जागायची सवय, आता यंत्राची बारीक सूं सूं. "त्यात तुमी कुठं हाय ते मला कळत न्हाय," म्हणाली. पडते, तासाभरानं उठून बसते. पळी. दिवसाही झोपत नाही, बसल्या बसल्या मान पडते. काल पायरीवर तोल गेला, कठडा होता म्हणून. बाई म्हणाल्या, गोळीनं हे व्हायचं नाही, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही.

मी बरा झालो आणि ती तशीच राहिली, हे मला चालणार नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पाना सापडला. निरोपाच्या दिवशी गुपचूप आणलेला, गंज चढलाय. रॉकेलनं पुसला.

सौ.ला म्हटलं, आज तिसरी पाळी माझी. तू फक्त मी जागा आहे हे ऐकायचं.

"खुळं झालासा काय? तुमची झोप आत्ता कुठं लागाय लागली."

एक रात्र, म्हटलं. बाईंना फोन केला. एक रात्र चालेल म्हणाल्या, जागायला बिडी ओढायची नाही एवढी अट.

२४ डिसेंबर, बुधवार

तिच्या अंथरुणाशेजारी खुर्ची, हातात पाना, खाली ताटली. मुद्दाम मोठ्यानं श्वास घेत बसलो. बिडीशिवाय जागणं काय असतं ते चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. पहिला तास ती डोळे मिटून जागीच. मूठ बंद, पळी धरल्यासारखी, पण पळी नव्हती. मी काढून घेतली होती.

मग कधीतरी मूठ सुटली. मी बघत होतो तरी नेमकी कधी ते कळलं नाही. एक बोट, मग दुसरं, मग तळहात वर.

आणि ती घोरायला लागली. बारीक, मांजर गुरगुरतं तसं. चव्वेचाळीस वर्षं लग्नाला झाली, ही घोरते हे मला माहीत नव्हतं. माझ्याआधी ती कधी झोपलीच नाही, तर कळणार कुठून. मी रात्रभर ऐकत बसलो. देवळात बसल्यावर जे वाटावं म्हणतात ते मला तिथं कधी वाटलं नाही. काल वाटलं.

चारला माझाच डोळा लागला. पाना ताटलीत. घर दणाणलं. मी घाबरून उठलो, म्हटलं गेलं सगळं.

तिनं डोळे उघडले नाहीत. कूस बदलली. "मांजर हाय," म्हणाली. "झोपा."

२५ डिसेंबर, गुरुवार

काल रात्री मी मुखवटा लावून झोपलो. तिची झोप झाली का विचारलं तर, "जरा," म्हणाली. किती ते सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

सकाळी बघितलं. आमटीची पळी स्वयंपाकघरात खुंटीला. ताटली अजून तिच्या अंथरुणाजवळच आहे.